दारापासून किती पावलं?

मागच्या दारातून बाहेर पडलं की सगळ्यात जवळचा वाफा ११ पावलांवर आहे. खताचा ढीग १९, कोंबड्यांचं खुराडं २४. पावसाच्या पाण्याची टाकी भिंतीला टेकूनच. हे आकडे मला पाठ आहेत. गेल्या चार वर्षांत इथे काय जगलं आणि काय वाळून गेलं याचा हिशेब मांडायला बसले की माती, बियाणं, खत यांच्याआधी मला ही पावलंच आठवतात.

सुरुवातीला मी ती मोजली नव्हती. पहिला भाजीचा वाफा घातला तो जागेच्या अगदी शेवटच्या कोपऱ्यात. तिथे दिवसभर ऊन होतं, जमीन सपाट होती, आणि कागदावरच्या आखणीत तो चौकोन फार शोभून दिसायचा. सासूबाई दारात खुर्ची टाकून माझं खणणं बघत होत्या. दुपारी मी पाणी प्यायला आले तेव्हा म्हणाल्या, "अगं, गॅसवर काही ठेवून तिथवर जाऊन येशील का रोज?"

"जाईन की आई, सवय होईल," मी म्हटलं.

सवय झाली नाही. पहिले दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ गेले, मग दिवसाआड, मग फक्त सुट्टीच्या दिवशी. काकडीचे वेल छान चढले होते, पण पानांआडची दोन फळं पिवळी पडून, बियांनी भरून टणक होईपर्यंत माझ्या नजरेला पडली नाहीत. असं जून फळ अंगावर राहिलं की वेल नवी फळं धरणं कमी करतो. शेजारच्या मिरचीवर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, पडला. माव्याची मादी नराशिवाय थेट पिल्लं देते आणि उबदार हवेत ती पिल्लं साधारण आठवड्याभरात स्वतः व्यायला लागतात. म्हणजे मी आठ दिवस तिकडे फिरकले नाही की तेवढ्यात माव्याची एक अख्खी पिढी उभी राहत होती. पहिल्या दिवशी शेंडा दोन बोटांत धरून पुसला असता तरी भागलं असतं. मी पोचले तेव्हा पानं चिकट झाली होती, त्यांच्या कडा आत वळल्या होत्या, आणि माव्याच्या अंगातून पाझरणारा गोड चिकटा गोळा करायला मुंग्यांची रांग खोडावरून वरखाली चालली होती. पीक गेल्याचं वाईट वाटलंच. पण आपण हाताने लावलेल्या रोपाकडे आठ आठ दिवस बघितलंसुद्धा नाही, हे जास्त लागलं.

पर्माकल्चर हा शब्द मी त्याआधीच वाचला होता. १९७० च्या दशकात टास्मानियात बिल मॉलिसन आणि तेव्हा विशीत असलेला डेव्हिड होल्मग्रेन या दोघांनी तो घडवला आणि १९७८ साली त्यांचं या विषयावरचं पहिलं पुस्तक आलं. परमनंट आणि ॲग्रिकल्चर हे दोन शब्द जोडून तयार झालेला हा शब्द. जंगल कुणी नांगरत नाही, खत घालत नाही, तरी ते वर्षानुवर्षं टिकतं. मग अन्न देणारी झाडं, प्राणी, पाणी आणि घर यांची मांडणीही तशीच एकमेकांना धरून राहील अशी करता येईल का, या प्रश्नापासून त्यांनी सुरुवात केली. अशा जोड्या जुळवणं माणसाला नवं नव्हतं. उत्तर अमेरिकेतले मूळ रहिवासी मका, घेवडा आणि भोपळा एकत्र लावत आले होते. घेवडा मक्यावर चढतो, त्याच्या मुळांवरच्या गाठींमधले जिवाणू हवेतला नत्र धरतात, आणि भोपळ्याची रुंद पानं खालची जमीन झाकून ओल राखतात.

वाचताना मी या जोड्यांवरच भाळले. कोणासोबत काय लावायचं याचे तक्ते उतरवून घेतले. झोनचं प्रकरण मात्र भराभर पानं उलटत संपवलं. घर म्हणजे झोन शून्य. जिथे दिवसातून दोन-चार वेळा जाणं होतं तो झोन एक, रोज एखादी चक्कर होते तो दोन, असं करत पाचवा झोन म्हणजे जिथे आपण काही करायचं नाही, फक्त बघायला जायचं. वाचायला सोपं, म्हणून मला ते किरकोळ वाटलं. आज मला वाटतं, या सगळ्या विचारातली सगळ्यात मोलाची गोष्ट तीच आहे आणि तिच्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं. गोल गोल वळणांचे वाफे फोटोत छान येतात. पावलं फोटोत येत नाहीत.

आणि झोन हे घराभोवती आखलेल्या वर्तुळांसारखे नसतात, ही गोष्ट तर प्रत्यक्ष बघितल्याशिवाय कळत नाही. मला ती दवाने दाखवली. मिरची गेल्यानंतरच्या थंडीत एका पहाटे गवतावर दाट दव पडलं होतं, आणि मी दार उघडलं तेव्हा घरातलं माणूस माझ्याआधी एकदा फिरून आलं होतं. पांढुरक्या गवतात हिरवी, ओली वाट स्पष्ट उमटली होती: दारापासून कपड्यांच्या दोरीपर्यंत, दोरीखालून नळापर्यंत, नळाला वळसा घालून फाटकापर्यंत. बाकी सगळं अंगण पांढरं. भिंतीमागची जागा दारापासून दहा फुटांवर होती, पण तिकडे एकही पाऊल वळलं नव्हतं. फाटक कितीतरी लांब, तरी तिथपर्यंत वाट गेलेली. म्हणजे आमचा झोन एक हा वर्तुळ नव्हताच. तो एक लांबट, वाकडा पट्टा होता आणि आम्ही नकळत कधीचा आखून ठेवला होता. मी काठ्या आणल्या आणि दव उडून जायच्या आत त्या वाटेच्या दोन्ही बाजूंना रोवल्या.

आताचे वाफे त्या काठ्यांच्या ओळीवर आहेत. रुंदी चार फूट, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत पोचतो आणि वाफ्यात पाय ठेवावा लागत नाही. पायाखाली माती दडपली की तिच्यातल्या पोकळ्या मिटतात, पाणी मुरत नाही, मुळांना हवा मिळत नाही. वाफसा हा आपल्या भाषेतला शब्द मला यासाठी फार आवडतो. मातीत ओलही आहे आणि हवाही आहे, अशी ती मधली अवस्था. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा आणि अंगठ्याने टोचला की फुटावा. हे बोटांनी बघायचं असतं आणि बोटं रोज जवळून जात असतील तरच ते बघितलं जातं.

खणणं या वेळी केलं नाही. गवत कापून तिथेच पाडलं, त्यावर चिकटपट्टी आणि पिना काढलेले जाड पुठ्ठे एकमेकांवर चार बोटं चढवून अंथरले, ते चिंब भिजवले, आणि वर वीतभर पालापाचोळा टाकला. पुठ्ठ्याखाली उजेड नाही म्हणून गवत मरतं, गांडुळं वर येऊन पुठ्ठा कुरतडत राहतात. काही महिन्यांनी एक कोपरा उचलून बघितला तर पुठ्ठा ओल्या पापडासारखा हातात तुटला आणि खाली काळी, रवाळ माती होती. चिवट मुळांचं गवत मात्र सांध्यांतून पुन्हा डोकं काढतं, ते दिसेल तसं उपटावं लागतं. आणि आच्छादन रोपाच्या खोडाला भिडू द्यायचं नाही. दोन-तीन बोटं जागा सोडली नाही तर खोड कुजतं. हे शिकण्यात माझी चार वांग्याची रोपं गेली.

मातीची जात समजून घ्यायला मोठी परीक्षा लागत नाही. काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी, जोरात हलवायचं आणि ठेवून द्यायचं. वाळू मिनिटभरात तळाला बसते, पोयटा काही तासांत, चिकणमाती दिवस-दोन दिवसांनी. मग थर मोजायचे. आमच्या बरणीतलं पाणी तिसऱ्या दिवशीही गढूळ होतं. आमची माती भारी, पाणी धरून ठेवणारी आहे, हे तेव्हा कळलं, आणि रोप सुकलंय असं वाटलं की पाणी ओतायची माझी सवय तिथेच सुटली. कितीतरी रोपं पाण्याअभावी नाही, पाण्यात गुदमरून मान टाकत होती.

पाण्याचा हिशेब मात्र मुलीने केला. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला तर एक लिटर पाणी होतं, एवढं तिला शाळेच्या गणितातून माहीत होतं. मागच्या बाजूचं छप्पर ४० चौरस मीटर. "आई, २५ मिलिमीटर पडला तर हजार लिटर!" थोडं सांडतं, थोडं उडतं, छपराची धूळ धुणारं पहिलं पाणी सोडून द्यावं लागतं, पण आकडा साधारण तोच. टाकी भरल्यावर उरलेलं पाणी कुठे जाणार याचा विचार आम्ही आधी केला नव्हता. एका मुसळधार रात्री ते पाणी भिंतीच्या पायाशी साचलं. घाबरून टॉर्च धरून आम्ही दोघं तिथे फावड्याने वाट काढत होतो. त्यानंतर आधी ओव्हरफ्लोचा पाइप पायापासून लांब नेला आणि मगच चर खणायला घेतला. तीन काठ्यांची इंग्रजी ए अक्षरासारखी चौकट बांधली, वरच्या टोकाला दोरी, दोरीला दगड. दगडाची दोरी आडव्या काठीच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीवर. तशी एकेक पाऊल टाकत समपातळीची रेघ काढली, तिच्यावर उथळ चर, आणि चराच्या उताराकडच्या बाजूला मातीचा बांध. पाणी आता तिथे थांबतं, पसरतं आणि मुरतं. बांधावरच्या पेरूला दुसऱ्या वर्षापासून मी हाताने पाणी घातलेलं नाही.

आता त्या गोष्टीबद्दल, जिने मला सगळ्यात जास्त रडवलं. तिसऱ्या वर्षी आमचा स्वतःचा खताचा ढीग अजून पुरेसा होत नव्हता, म्हणून बाहेरून शेणखत आणलं. चांगलं कुजलेलं, वास नसलेलं, हाताला भुसभुशीत. टोमॅटोला सढळ हाताने घातलं. तीन आठवड्यांत नवी पानं विचित्र यायला लागली: अरुंद, वाटीसारखी वळलेली, शेंडे नेच्याच्या कोवळ्या पानासारखे गुंडाळलेले. मी रोग म्हणून शोधत राहिले. कारण निघालं खतात. गवतात, चाऱ्यात किंवा धान्याच्या पिकात रुंद पानांचं तण मारायला ॲमिनोपायरॅलिड किंवा क्लोपायरॅलिड यांसारखी तणनाशकं फवारतात. तो चारा जनावरांनी खाल्ला की औषध त्यांच्या पोटातून जवळजवळ तसंच बाहेर पडतं, शेणात राहतं आणि कुजवल्यानंतरही बराच काळ टिकतं. टोमॅटो आणि शेंगवर्गीय पिकांना त्याचा अगदी थोडा अंशही सोसत नाही. ज्यांनी खत दिलं त्यांनाही हे माहीत नव्हतं. चारा त्यांनी आणखी कुणाकडून घेतला होता. मी ते खत जमेल तेवढं खरवडून काढलं आणि त्या वाफ्यात मका लावला, कारण गवताच्या कुळातल्या पिकांना हे औषध बाधत नाही.

तेव्हापासून बाहेरचं कोणतंही खत आलं की आधी दोन कुंड्या भरते. एकीत ते खत मिसळलेली माती, दुसरीत नुसती घरची माती, दोन्हींत घेवड्याचे चार-चार दाणे. तीन आठवडे थांबायचं. दोन्हीकडची पानं सारखी सपाट, निरोगी आली तरच खत वाफ्यात जातं. पावलांचा हिशेब मला इथेही दिसतो. जी वस्तू जितक्या लांबून येते, तितका तिच्या मागचा प्रवास आपल्या नजरेआड झालेला असतो.

म्हणून आता ढिगावर माझा जास्त जीव आहे. १९ पावलांवर, एक मीटर लांब, तेवढाच रुंद, तेवढाच उंच. याहून लहान ढीग आतली ऊब धरत नाही. स्वयंपाकघरातल्या ओल्या कचऱ्याच्या प्रत्येक बादलीवर दोन-तीन बादल्या वाळका पाला. कर्ब नत्राच्या २५ ते ३० पट असावा असं सांगतात, ते प्रमाण या अंदाजाने साधारण जमतं. अमोनियाचा उग्र दर्प आला की पाला कमी पडलाय, नासल्याचा वास आला की हवा कमी पडलीय. ढीग रचल्यावर तिसऱ्या-चौथ्या दिवशी पहाटे मी त्याच्याजवळ जाते. वरचा पाला गार, दवाने ओला. त्यातून हात आत सारला की मनगटाच्या जरा वर ऊब लागते, आणखी खाली गेलं की चटका, आणि हात झटकन मागे घ्यावा लागतो. आत ५५-६० अंशांची आच असते. आग नाही, विस्तव नाही, कोट्यवधी जिवाणू आपलं जेवण करताहेत त्याची ती धग. हात बाहेर काढला की त्या भोकातून वाफेचा एक झोत येतो आणि पावसाने भिजलेल्या रानाचा वास येतो. चार वर्षं झाली, मला अजून त्याचं अप्रूप आहे.

कोंबड्यांचं खुराडं पहिल्यांदा वासाच्या भीतीने लांब बांधलं होतं. आमच्या भागात किती पक्षी पाळता येतात याची चौकशी केली आणि तीन आणल्या. संध्याकाळ झाली की त्या आपणहून आत जातात, मागून आपण फक्त कडी घालायची. एका पावसाळी रात्री मी ती घातली नाही. अंधार होता, चिखल होता, खुराडं लांब होतं, आणि एक रात्र काय होतंय असं म्हणून मी अंथरुणात शिरले. सकाळी दारापाशी काळी पिसं होती आणि दोनच कोंबड्या, त्याही वरच्या दांडीवर अंग चोरून बसलेल्या. मुलगी शाळेत जाईपर्यंत बोलली नाही. त्याच आठवड्यात खुराडं २४ पावलांवर आलं. कोंबड्यांसाठी म्हणून मिळणारी षटकोनी जाळी पक्ष्याला आत ठेवते, पण शिकारी प्राण्याला अडवत नाही, तो ती ओरबाडून काढतो. म्हणून आता अर्ध्या इंची वेल्डेड जाळी आहे. आणि स्वयंपाकघराचा दिवा बंद करायच्या आधी कडी घातली जाते, कारण खिडकीतून खुराडं दिसतं. वासाचं म्हणाल तर खाली कोरडा पाला भरपूर असला की वास येत नाही, आणि तो पाला विष्ठेसकट पाच पावलांवरच्या ढिगात जातो. ताजी विष्ठा थेट रोपांना घालायची नाही, मुळं पोळतात.

अंडं तयार व्हायला कोंबडीला २४ तासांहून थोडा जास्त वेळ लागतो, हे मुलीने स्वतःच ताडलं. तिने खुराड्याच्या फळीवर खडूने वेळा लिहिल्या होत्या. आज साडेसात, उद्या पावणेनऊ, परवा दहा. सरकत सरकत दुपार उलटली की एक दिवस सुट्टी, आणि पुन्हा सकाळपासून सुरुवात.

कुणी मला विचारतं, मग घर चालतं का यावर? नाही चालत, आणि तसं कुणी सांगत असेल तर जपून ऐकावं. प्रौढ माणसाला दिवसाला साधारण २००० कॅलरी लागतात. १०० ग्रॅम पालेभाजीत असतात २० ते २५. नुसत्या पालेभाजीवर राहायचं म्हटलं तर रोज आठ-दहा किलो लागेल. धान्य आणि तेल आम्ही विकतच आणतो आणि पुढेही आणू. इथून मिळतं ते पाला, शेंगा, वांगी, टोमॅटो, थोडी फळं, अंडी, पुढच्या वर्षाचं बी. पान खुडल्यापासून ताटात पडेपर्यंत दहा मिनिटं जातात. मला हे पुरेसं वाटतं, आणि त्याला स्वयंपूर्णता म्हणण्याचा आग्रह मी कधीच सोडला आहे.

सगळ्यात पहिला वाफा घातला होता तो कोपरा आता सोडून दिलाय. ८६ पावलं. महिन्यातून एकदा जाते. तिथे गुडघाभर गवत आहे, एक जंगली वेल कुंपणावर चढलाय, सुकलेल्या फांद्यांचा ढीग कुणी न हलवल्यामुळे त्यात कसली कसली बिळं झाली आहेत. मागच्या खेपेला एका तणाच्या शेंड्यावर मावा दिसला आणि मी खाली बसले. शेंड्यावर एक काळपट, काटेरी, नारिंगी ठिपक्यांची अळी होती, मगरीचं पिल्लू मुंगीएवढं करून ठेवावं तशी. ढालकिड्याची अळी. तिने एक मावा पुढच्या पायांत धरला, चोखला, रिकामं साल टाकलं आणि दुसऱ्याकडे वळली. मी तिथे असण्याची काही गरज नव्हती.

सासूबाईंचे गुडघे आता फार दुखतात. तरी दारापासून ११ पावलं त्यांना झेपतात. तिथल्या वाफ्याची कड आम्ही लाकूड लावून बसता येईल इतकी उंच केली आहे. चहा झाला की त्या काठी टेकत जातात, कडेवर बसतात आणि मिरचीचा एकेक शेंडा उलटून बघतात. आज सकाळी परत आल्या तेव्हा अंगठा आणि बोट हिरवं, चिकट झालेलं होतं. नळाखाली हात धुताना म्हणाल्या, "दोन शेंड्यांवर होता मावा. पुसलाय मी. उद्या परत बघते."